टिनाखालची वीज

सक्करदरा चौकातून उमरेड रोड धरला की रस्ता पुढे कोळशाच्या खाणींकडे जातो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेकडे, कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं आहेत. एकट्या कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत, खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॉट. एका अंगाला खाण, दुसऱ्या अंगाला चिमण्या आणि मधे आमचं नागपूर. कोळशाचे ट्रक, राख, धूर हे सगळं आमच्याच जिल्ह्याच्या वाट्याला आलं आहे. त्यातून निघालेली वीज सक्करदऱ्याच्या आतल्या गल्ल्यांत कोणाला किती महाग पडते, हे मी तारतंत्री म्हणून गेली कित्येक वर्षं पाहतो आहे.

आयटीआयमधून तारतंत्रीचा कोर्स केला, एका कंत्राटदाराच्या हाताखाली भिंती फोडल्या, मग स्वतःचा परवाना काढला. आता नव्या मीटरसाठी लागणारा टेस्ट रिपोर्ट मीच देतो. माझी कामं रघुजीनगर, भांडे प्लॉट, आयुर्वेद कॉलेजच्या मागचा भाग, नंदनवनपर्यंत पसरलेली आहेत. सकाळी दोन एसीच्या फ्लॅटमध्ये आणि दुपारी टिनाच्या खोलीत, असा दिवस जातो. दोन्हीकडे तोच फेज, तोच न्यूट्रल, २३० व्होल्ट. पण वर्षानुवर्षं दोन्हीकडची बिलं हातात घेऊन माझी खात्री झाली आहे, की ज्याच्याकडे वीज सगळ्यांत कमी, त्यालाच ती सगळ्यांत महाग पडते. हे फक्त दरपत्रक वाचून कळणार नाही. दरपत्रकात गरिबाला सवलत आहे. ती त्याच्या खोलीपर्यंत का येत नाही, ते वायरिंग उघडल्यावर दिसतं.

सुरुवातीला आकड्यांचे दिवस होते. तेव्हा वस्तीतल्या किती तरी घरांत खांबावरून थेट वायर यायची. बाहेरच्यांना वाटतं, आकडा म्हणजे फुकट वीज. मी ज्या घरांत शिरलो त्यांतल्या बहुतेकांना ती फुकट नव्हती. वायर टाकून देणारा कोणी तरी असायचा आणि तो महिन्याचे पैसे घ्यायचा. पावती नाही, हिशोब नाही. संध्याकाळी सगळ्यांचे हीटर लागले की व्होल्टेज इतकं पडायचं, की ट्यूब पेटायची नाही आणि पंख्याची पाती मोजता यायची. पंख्याचं वाइंडिंग जळायचं, ते पुन्हा भरून घ्यायचं, तो खर्च वेगळा. पावसाळ्यात वायर ओल्या टिनाला टेकली की सगळ्या घराला करंट. आणि धाड पडली की वीज कायद्याच्या कलम १३५ खाली गुन्हा वायर टाकणाऱ्यावर नाही, घरात राहणाऱ्या बाईवर. वीजचोरीचं समर्थन मी करत नाही, कधी आकडा टाकूनही दिला नाही. पण त्या काळात वस्तीने काही वाचवलं, असं कोणी म्हणू नये.

हा वीज कायदा २००३ चा. त्याचंच कलम ४३ मला पाठ आहे, कारण ते मी अनेकांना वाचून दाखवलं आहे. वीजजोडणीचा अर्ज जागेचा मालक करू शकतो, तसाच जागेत राहणारा ताबेदारही. 'ताबेदार' या शब्दाने किती घरं उजेडात आणली याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. नागपूरच्या लोकसंख्येचा जवळपास तिसरा हिस्सा झोपडपट्ट्यांत राहतो, असं २०११ ची जनगणना सांगते. सुधार प्रन्यासाच्या, महापालिकेच्या, नझूलच्या जमिनींवरच्या वस्त्या. मालकी पट्टे मिळायला अनेकांच्या दोन पिढ्या गेल्या आणि काहींची फाइल अजून फिरते आहे. मालकीची वाट पाहत बसले असते तर आजही आकडेच दिसले असते.

एका मावशींचं मीटर मला नेहमी आठवतं. नव्या जोडणीचा ए-वन फॉर्म भरताना मी सवयीने नवऱ्याचं नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही भाऊ, मीटर माह्याच नावानं करजा. तो कधी घरी राह्यते, कधी नाही. बिल तं मीच भरते ना." टॅक्स पावती त्यांच्याच नावाची होती, राशन कार्डावरही नाव होतं. मीटर बसलं. पहिलं बिल आलं तेव्हा त्यांनी रक्कम नंतर पाहिली, आधी नावाचं स्पेलिंग पाहिलं, आणि ते चुकलं होतं म्हणून मला घेऊन दुरुस्तीला गेल्या. पुढे त्याच बिलावर मुलीच्या शाळेचे आणि बँकेच्या खात्याचे कागद झाले. अशा बाईला वीज म्हणजे फक्त दिवा-पंखा नसते, ही गोष्ट माझ्या कामातली मला सगळ्यांत प्रिय आहे. १४ एप्रिल २०२१ पासून महावितरणने डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना राबवली, तेव्हा अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना ५०० रुपये अनामत आणि तीही पाच हप्त्यांत भरायची सोय होती. त्या सोयीने किती फरक पडतो, ते रोजंदारीवर जाणाऱ्या घराला विचारावं.

आता मीटर बसलेल्या घरांकडे येतो, कारण खरा गुंता तिथे आहे.

आमच्याकडे एका प्लॉटवर एक घर नसतं. मालक पुढच्या दोन खोल्यांत राहतो, मागे टिनाच्या तीन खोल्या काढतो आणि त्या किरायाने देतो. मीटर एकच, मालकाच्या नावाचं. समजा प्रत्येक कुटुंब महिन्याला ८० युनिट वापरतं. चारही कुटुंबांचं मीटर वेगळं असतं तर प्रत्येक जण शंभर युनिटच्या आतल्या पहिल्या टप्प्यात राहिला असता. पण मीटर एक म्हणून बेरीज ३२० होते. पहिले १०० स्वस्त, पुढचे २०० दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेले २० तिसऱ्या. दुसऱ्या टप्प्याचा ऊर्जा आकार पहिल्याच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणजे चार गरीब कुटुंबं एकत्र मोजली की कागदावर एक सधन कुटुंब तयार होतं आणि बिल त्या सधन कुटुंबाच्या दराने येतं. वेगळ्या मीटरला प्रत्येकी वेगळा स्थिर आकार भरावा लागतो, हे खरं. तो धरूनही वेगळी मीटरं स्वस्त पडतात. हा हिशोब मी मालकांना वहीच्या पानावर मांडून देतो.

मालक हिशोब समजतात. तरी अनेक जण मीटर वेगळं करू देत नाहीत. एकाने स्पष्टच सांगितलं, "मीटर येगळं दिलं का किरायदार मालक होऊन बसते भाऊ." त्याच्या भीतीत तथ्य नाही, विजेच्या बिलाने कोणी जागेचा मालक होत नाही. पण ती भीती खोटी नाही. ज्याचा स्वतःचाच पट्टा झालेला नाही, तो दुसऱ्याच्या नावाच्या कुठल्याही कागदाला घाबरतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आणि तेही महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात, सांगितलं की वीज ही मूलभूत सोय आहे आणि घरमालकाने ना-हरकत दिली नाही म्हणून किरायदाराला ती नाकारता येत नाही. निकाल चांगलाच आहे. पण किरायदार तो निकाल घेऊन मालकाशी भांडला तर मीटर मिळायच्या आधी खोली जाते, आणि सक्करदऱ्यात कामाच्या जवळ, या किरायात दुसरी खोली मिळणं सोपं नाही. म्हणून तो गप्प बसतो.

मग किरायदाराकडून पैसे कसे घेतात? काही मालक सबमीटर लावतात आणि युनिटला एकच दर धरतात. तो दर शेवटच्या टप्प्याकडे पाहून ठरवलेला असतो. काही जण सबमीटरही लावत नाहीत, पॉइंटप्रमाणे घेतात. दिव्याचे एवढे, पंख्याचे एवढे, टीव्हीचे एवढे, कुलर लावला तर उन्हाळाभर एवढे. काटकसर शिकवायला जाणाऱ्या प्रत्येकाने हा पॉइंटचा हिशोब आधी समजून घ्यावा. एका घरी दुपारी कोणी नसताना पंखा फिरत होता. मी बोललो तेव्हा घरच्या ताई म्हणाल्या, "बंद केला तरी तेवढेच पैसे अन् चालू ठेवला तरी तेवढेच. मंग कायले बंद करू?" त्यांचं बरोबर होतं. 'वीज वाचवा' हे वाक्य ज्याच्या हातात मीटर आहे त्याच्यासाठी आहे.

नागपूरचा उन्हाळा नागपूरकराला सांगायला नको. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. ते वेधशाळेतल्या सावलीचं तापमान. टिनाखालच्या खोलीत दुपारी दोन वाजता मी स्टुलावर चढून पंखा उतरवतो तेव्हा डोकं छपराच्या हातभर खाली असतं आणि स्क्रू ड्रायव्हर धरवत नाही. लोक टिनाच्या खाली जुने फ्लेक्स बांधतात, तट्टे लावतात, थर्माकोलचे तुकडे ठोकतात, वर ओली पोती टाकतात. फ्लेक्सला वायरिंग टेकलेलं असतं. त्याची मला फार धास्ती वाटते.

आणि कुलर. बुधवार बाजारात उन्हाळ्याच्या तोंडावर जुन्या लोखंडी कुलरांच्या बॉड्या, पंप आणि वूड वूलचे गठ्ठे विकायला येतात. ज्याला जसं जमेल तसा तो कुलर जुळवतो. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कुलरचा शॉक लागून गेलेल्या माणसांच्या बातम्या येतात. बहुतेकदा पाणी भरताना गेलेली बाई किंवा मूल. म्हणून कुलर दिसला की मी मूळ काम बाजूला ठेवून तो आधी तपासतो.

तपासणी साधी आहे. होल्डरमध्ये बल्ब, त्याला दोन वायरी. एक टोक न्यूट्रलला, दुसरं कुलरच्या बॉडीला, रंग खरवडून उघड्या लोखंडावर. एका खोलीत असा बल्ब लावला आणि तो जवळजवळ पूर्ण उजेडाने पेटला. पंपाची वायर टबाच्या काठावर घासून सोलली होती आणि तिचं तांबं पत्र्याला लागत होतं. प्लगची तिसरी पिन कापलेली होती, कारण बोर्डात दोनच भोकं होती. कुलर विटांवर ठेवला होता आणि घरचे प्लॅस्टिकच्या चपला घालून वावरत, म्हणून कोणाला जोरात शॉक बसला नव्हता. घरातल्या आजी म्हणाल्या, "थोडं झिणझिण करते, पण चालते." त्याच खोलीत सात-आठ वर्षांचं पोर जमिनीवर अनवाणी बसून गृहपाठ करत होतं. मी प्लग काढला. पंपाची वायर बदलेपर्यंत कुलर चालू करू दिला नाही.

अर्थिंग करायला खड्डा लागतो, पाइप लागतो, मीठ-कोळसा लागतो आणि मुख्य म्हणजे जागा लागते. सहा फुटांच्या गल्लीत मीटरच्या खाली गटार असतं. म्हणून वस्तीत मी आरसीसीबीचा आग्रह धरतो. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की ती क्षणात लाइन तोडते आणि अर्थिंग नसलं तरी माणसाला वाचवू शकते. अडचण पुढे येते. जुन्या वायरिंगमध्ये आधीच गळती असते, दोन खोल्यांचा न्यूट्रल एकत्र जोडलेला असतो, त्यामुळे ती सारखी पडते आणि चार दिवसांत कोणी तरी तिला बायपास करून टाकतो. म्हणून आरसीसीबी लावायची तर न्यूट्रल वेगळे करावेच लागतात. हे काम दिसत नाही. त्याचे पैसे सांगितले की लोकांना वाटतं वायरमन फसवतो आहे. मी वायर उघडून दाखवतो. दाखवल्यावर बहुतेक जण ऐकतात.

बचतीचं म्हणाल तर सगळं पंख्यात आहे. दिव्याचा प्रश्न बराचसा सुटला. साठ वॉटचा पिवळा बल्ब जाऊन नऊ वॉटचा एलईडी आला आणि तो वस्तीतही आला, कारण तो स्वस्त झाला. सरकारी खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर उतरला. एकगठ्ठा खरेदी केली म्हणून उतरला. पंख्याचं तसं झालेलं नाही. वस्तीतला पंखा सेकंडहँड असतो, दोनदा वाइंडिंग भरलेला, ७५-८० वॉट किंवा त्याहून जास्त खाणारा. तो दिवसाला वीस तास चालला की रोजचं दीड युनिट जातं, महिन्याचे ४५. ब्रशलेस मोटरचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वाऱ्याला ३० वॉट घेतो, म्हणजे महिन्याला १८ युनिट. पण तो अडीच-तीन हजारांना मिळतो आणि जुना पंखा बाजारात काही शे रुपयांत.

इथे एक गोष्ट सांगतो, जी मला बिलं वाचता वाचता लक्षात आली. दारिद्र्यरेषेखालच्या घरगुती ग्राहकासाठी महावितरणचा वेगळा, फार कमी दर आहे. अट अशी, की मंजूर भार पाव किलोवॉटपर्यंत आणि आदल्या वर्षीचा वापर ३६० युनिटच्या आत. म्हणजे महिन्याला सरासरी ३०. आता जुना पंखा वर्षातले आठ महिने रोज वीस तास लावा. नागपुरात तो लागतोच. ३६० युनिट एकट्या पंख्यात संपले. दिवा, टीव्ही, मोबाइल, कुलर, काहीच अजून मोजलेलं नाही. त्याच घरात बीएलडीसी असेल तर पंख्याला १४४ युनिट लागतात आणि बाकीच्याला दोनशेच्या वर उरतात. चांगला पंखा त्या घराला सवलतीच्या दरात ठेवू शकतो आणि भंगार पंखा त्याला सवलतीबाहेर ढकलतो. ज्यांच्यासाठी दर ठेवला आहे त्यांच्या हातात भंगार पंखाच असतो. दर ठरवणाऱ्यांनी आणि पंखे वाटण्याच्या योजना आखणाऱ्यांनी एकत्र बसून हा हिशोब करावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे. दिव्याला जे जमलं ते पंख्याला का जमू नये, याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

कुलर दोनशे वॉटच्या आसपास घेतो. बारा तासांचे महिन्याला ७२ युनिट होतात. तो कमी लागावा म्हणून छप्पर आधी थंड करावं लागतं, हे मी उशिरा पण पक्कं शिकलो. अहमदाबादेत २०१७ मध्ये सुमारे तीन हजार छपरं पांढरी केली होती. आमच्याकडेही काही घरांवर आम्ही चुना मारला, चिकटून राहावा म्हणून त्यात फेविकॉल घातला. टिन खरवडून, धुऊन, वाळवून दोन हात. खोली एसीसारखी होत नाही आणि कोणी तसं सांगू नये. पण दुपारी टिनाला आतून हात लावता येतो आणि रात्री खोली लवकर निवते. पाऊस पडला की चुना बराचसा धुऊन जातो, दर वर्षी पुन्हा मारावा लागतो. किरायदार विचारतो, मालकाच्या छपराला मी पैसे का लावू? मालक विचारतो, खाली मी झोपतो का? या दोन प्रश्नांमध्ये वर्षाचा चुना अडकून राहतो.

छपरावरच्या सोलरची योजना २०२४ मध्ये आली. तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. भांडे प्लॉटमधल्या स्लॅबच्या घरांवर मी पॅनल चढलेले पाहतो आणि मला आनंद होतो. टिनाच्या छपराला ते वजन पेलत नाही आणि किरायदाराला छप्परच नाही. त्याच वर्षी स्मार्ट प्रीपेड मीटरवरून नागपुरात मोठा विरोध झाला आणि सर्वसामान्यांना ते लावणार नाही असं सरकारने सांगितलं. वस्तीत तेव्हा दोन्ही बाजूंचं ऐकलं. रोज कमावणाऱ्या काहींना रोजचं थोडं भरणं सोपं वाटत होतं. पण आजच्या कायद्यात थकबाकीदाराची लाइन तोडायच्या आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मे महिन्यात, घरात तान्हं मूल असताना, ते पंधरा दिवस फार मोठे असतात. पैसे संपले म्हणून मध्यरात्री पंखा थांबेल अशा मीटरला मी माझ्या वस्तीसाठी हो म्हणणार नाही.

सध्या एका गल्लीतल्या बायकांनी पंख्याची भिशी सुरू केली आहे. महिन्याला प्रत्येकीचे ठरलेले पैसे, ज्यांचा नंबर लागेल त्यांच्या घरी बीएलडीसी. माझी अट एकच, पंखा बसवायच्या आधी त्या घराचा न्यूट्रल वेगळा करून आरसीसीबी लागली पाहिजे. मजुरी मी भिशीच्या हप्त्यातच घेतो. पहिला नंबर कोणाचा यावर वाद झाला आणि शेवटी जिच्या घरी बाळंतपण आहे तिला पंखा द्यायचं ठरलं. तिच्या घरमालकाला वेगळ्या मीटरचा हिशोब मी पुन्हा मांडून दिला आहे. या वेळी त्याने वही परत केली नाही, मुलाला दाखवतो म्हणून ठेवून घेतली. मुलगा हो म्हणाला तर ए-वन फॉर्म माझ्या पिशवीत आहेतच. उन्हाळ्याच्या आत मीटरं बसली तर तिन्ही खोल्यांची बिलं पहिल्या टप्प्यात येतील.